काळी तीनमधला मुका पाय : एका जुन्या पॅक-मॅन बोर्डाची दुरुस्ती

आषाढातल्या एका रविवारी मामा गोणपाटात गुंडाळलेला बोर्ड घेऊन आले. गोव्यातल्या डिचोलीच्या घराच्या माळ्यावर तो वीसेक वर्षे पडून होता. नव्वदच्या दशकात मामा दोन व्हिडिओ गेमची मशीन टेम्पोत घालून जत्रांना नेत. शिरगावची लईराई, म्हापशाचा बोडगेश्वर, शिवाय आसपासच्या गावांतले काले. मशीनचे प्लायवूडचे कपाट वाळवीने केव्हाच खाल्ले आणि हा बोर्ड तेवढा उरला.

“चवथीला सगळी भुरगी घरी येतील रे,” मामा म्हणाले. “तोवर चालू होईल?”

“बघतो मामा, पण दिवस सांगत नाही,” मी म्हटले. (चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, भुरगी म्हणजे मुले.)

माझ्या घरच्या टेबलावर हा बोर्ड सहा आठवडे होता. त्यात एकंदर चार दोष सापडले, आणि त्यांतले दोन बोर्डाचे नव्हते, माझ्या टेबलाचेच होते. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते मुख्यतः त्यासाठी. जुना बोर्ड टेबलावर आला की आपण सगळा संशय त्याच्यावर घेतो. आपल्या वायरी, आपला कनेक्टर, आपला सप्लाय यांच्याकडे कोणी बघत नाही. मीही बघितले नव्हते, आणि त्यात माझे दहा दिवस गेले.

बोर्डावर बनवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. पॅक-मॅन म्हणजे चक्रव्यूहात ठिपके खात भुतांना चुकवायचा गेम. मूळ पॅक-मॅन जपानच्या नामको कंपनीचा, १९८० सालचा, तोरू इवातानी यांच्या डोक्यातून निघालेला. मूळ बोर्डात नामकोचे काही खास आयसी (चिप) असतात, ते बाहेर मिळत नसत. नक्कल करणाऱ्यांनी त्या जागी साध्या टीटीएल (पाच व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक) आयसींचे जाळे बसवून तेच काम साधले. मामांचा बोर्ड अशीच नक्कल आहे. दुरुस्ती करणाऱ्याला ती सोयीची पडते, कारण आत काहीच झाकलेले नाही आणि प्रत्येक पायावर काय असायला हवे ते कळते.

प्रोसेसर झेड-८०. १८.४३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला सहाने भागून त्याला ३.०७२ मेगाहर्ट्झचे क्लॉक, म्हणजे चालण्याचा ठेका, मिळते. प्रोग्राम १६ किलोबाइटचा आणि तो २७१६ जातीच्या आठ ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी मजकूर धरून ठेवणाऱ्या आयसींमध्ये) वाटलेला. रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, २११४ जातीची, सहा आयसी. एका २११४ मध्ये १०२४ जागा असतात, पण प्रत्येक जागा चारच बिटांची, म्हणून दोन-दोन मिळून एक किलोबाइट होतो. एक जोडी पडद्यावरच्या चिन्हांसाठी, एक रंगांसाठी, एक प्रोग्रामच्या स्वतःच्या कामासाठी. हे आधी सांगितले, कारण पुढे दोष याच जोड्यांत शोधायचा आहे.

बोर्डावर लाल धुळीचा थर होता. मामांचे घर खनिजाचे ट्रक जायचे त्या रस्त्यावर. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत ती धूळ घराघरांत बसत होती. धुळीने थेट शॉर्ट होत नाही, पण ती ओल धरून ठेवते, आणि आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सॉकेटमधल्या आयसींचे पाय काळे पडले होते. त्या काळच्या पुष्कळ आयसींच्या पायांना चांदीचा मुलामा असे, आणि हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. कुठे कुठे हिरवा गंजही होता. मऊ ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) बोर्ड धुतला, दोन दिवस पंख्याखाली ठेवला. धुताना सॉकेटमधून एकही आयसी उपटला नाही. काळे पडलेले पाय ओढताना सहज तुटतात, आणि कारण नसताना काढलेला आयसी हा नवा दोष असतो.

आता टेबलाविषयी. जॅमा नावाचे वायरिंगचे प्रमाण जपानमध्ये १९८५ साली ठरले. बोर्डाच्या कडेला दोन्ही बाजूंना २८-२८ असे ५६ संपर्क, आणि कोणत्या संपर्कावर काय ते कायमचे नेमलेले. माझे टेबल त्या प्रमाणाचे आहे. पाच आणि बारा व्होल्टचा एसएमपीएस (वीज देणारा सप्लाय), ५६ संपर्कांचा कनेक्टर, जॉयस्टिक, बटणे, आणि चित्रासाठी जीबीएस-८२०० हा कन्व्हर्टर, जो जुन्या मशीनचा लाल-हिरवा-निळा सिग्नल घेऊन साध्या कॉम्प्युटर मॉनिटरला देतो. मॉनिटर आडव्याचा उभा केलेला, कारण पॅक-मॅनचे चित्र उभे असते. मात्र पॅक-मॅन जॅमाच्या आधीचा, त्याच्या कडेला ४४ संपर्क. म्हणून मधे एक अ‍ॅडॉप्टर मीच सोल्डर करून बनवला.

अ‍ॅडॉप्टर बनवताना एक काळजी घेतली, ती इथे नोंदवतो. मूळ बोर्डाला ट्रान्सफॉर्मरमधून सात व्होल्टच्या आसपासचा एसी मिळे आणि पाच व्होल्ट बोर्डावर तयार होत. नक्कल बोर्ड बहुतेक थेट पाच व्होल्ट मागतात. कागदावरचा पिनआउट आंधळेपणाने मानला असता तर बोर्ड जळला असता. म्हणून वीज देण्यापूर्वी मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर (दोन टोके जोडलेली आहेत का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवून पाहिले. चौदा पायांच्या टीटीएल आयसीत सात नंबरचा पाय ग्राउंड आणि चौदा नंबरचा पाच व्होल्ट, ही दोन टोके कडेच्या कोणत्या संपर्कांना लागतात ते शोधले आणि तसेच वायरिंग केले. पाच आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही हेही तेव्हाच कळले.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा पडदा चिन्हांनी भरून गेला. भलतीसलती अक्षरे, फळांचे तुकडे, भुतांचे डोळे. दर काही क्षणांनी सगळे बदलायचे, कधी थिजायचे, कधी वेगळाच नमुना यायचा. मामा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “अगदी मेलेला नाही म्हणायचा.”

ते बरोबर होते. या बोर्डात चित्र काढणारे सर्किट प्रोसेसरवर अवलंबून नाही. रॅममध्ये जे काही असेल ते ते पडद्यावर टाकत राहते, मग प्रोसेसर झोपलेला असला तरी. कचरा का होईना, पण काठ सरळ, अक्षरे पूर्ण आकाराची आणि चित्राची चौकट जागेवर म्हणजे क्रिस्टल, काउंटर, सिंक (चित्राच्या ओळी जुळवणारा सिग्नल) आणि अक्षरांचा ईप्रॉम ठीक. एका नजरेत अर्धा बोर्ड संशयातून सुटला. उरली प्रोसेसरची बाजू.

इथे मी चुकलो. झेड-८० बदलून पाहिला. ईप्रॉम एकेक काढून रीडरवर तीन-तीनदा वाचले, आठही दर वेळी तेच देत होते आणि मूळ प्रोग्रामशी जुळत होते. रॅमवर हात ठेवून कोणती तापते ते पाहिले. दर वेळी पडद्यावरचा कचरा वेगळा दिसायचा आणि मला वाटायचे, काहीतरी फरक पडला. फरक माझ्या करण्याने पडत नव्हता. दोष मुळातच अस्थिर होता, आणि अस्थिर दोषावर कोणतीही चाचणी पुरावा देत नाही.

दहाव्या दिवशी मल्टीमीटरची काडी सप्लायवरून उचलून झेड-८० च्या पायांवर टेकवली. अकरा नंबरला पाच व्होल्ट, एकोणतीस नंबरला ग्राउंड. सप्लायच्या टोकाला ५.०२ व्होल्ट होते. झेड-८० वर ४.६६.

टीटीएल आयसींना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. त्याखाली ते बंद पडत नाहीत, मनमानी करतात, आणि ते जास्त वाईट.

०.३६ व्होल्ट कुठे गेले याचा हिशेब मांडला. बोर्ड २.६ अँपिअर घेत होता. माझी वायर ०.५ चौरस मिलिमीटरची, जायला एक मीटर आणि यायला एक मीटर. तांब्याच्या हिशेबाने तिचा रोध ०.०६९ ओहम, म्हणजे २.६ अँपिअरला ०.१८ व्होल्ट वायरीतच जिरले. उरलेले ०.१८ कनेक्टरच्या जुन्या पात्यांत आणि बोर्डाच्या काळवंडलेल्या कडेत. बटणांना आणि स्पीकरला चालते म्हणून तीच वायर मी वर्षानुवर्षे पाच व्होल्टलाही वापरत होतो. जॅमाच्या नव्या, कमी खाणाऱ्या बोर्डांवर ते खपून गेले, इथे नाही.

१.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, पाच व्होल्ट आणि ग्राउंड दोन्हींसाठी जोडीने संपर्क वापरले, बोर्डाची कड पांढऱ्या खोडरबराने घासून आयपीएने पुसली. झेड-८० वर आता ४.९६ आले. सप्लायचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवायचे, असा सोपा उपाय अनेकजण सुचवतात. मला तो पटत नाही. रोध तसाच ठेवून वर ५.४ द्यायचे, आणि उद्या कनेक्टर नीट बसला की तेच ५.४ चाळीस वर्षांच्या आयसींच्या डोक्यावर. गळती आहे तिथेच बुजवायला हवी.

बोर्ड चालू झाला नाही. पण चित्र बदलले, आणि माझ्या लेखी तो या प्रकरणातला सर्वांत मोठा टप्पा. कचरा आता दर वेळी तोच यायचा, आणि ठरावीक ठेक्यात लुकलुकायचा, सेकंदाला साधारण चार वेळा.

तो ठेका ओळखीचा होता. पॅक-मॅनच्या बोर्डात एक राखणदार काउंटर असतो, त्याला वॉचडॉग म्हणतात. पडद्याची एकेक फ्रेम तो मोजत जातो. प्रोग्राम नीट चालत असेल तर तो वेळोवेळी हा काउंटर शून्यावर आणतो. सोळा फ्रेमपर्यंत कोणी शून्य केले नाही तर प्रोग्राम भरकटला असे समजून काउंटर प्रोसेसरला रिसेट करतो. सेकंदाला साठच्या किंचित वर फ्रेम, म्हणजे सोळा फ्रेमना पाव सेकंद. पडद्यावरचा ठेका हाच. प्रोसेसर उठत होता, चुकीचे काहीतरी वाचत होता आणि पुन्हा आपटत होता.

ईप्रॉम चांगले, प्रोसेसर नवा. मग मधल्या रस्त्यात काहीतरी. तो रस्ता तपासायची जुनी, भरवशाची रीत म्हणजे झेड-८० ला फक्त ‘काही करू नकोस’ हीच आज्ञा देत राहायची. झेड-८० मध्ये ती आज्ञा म्हणजे शून्य. माहिती वाचण्याचे आठही डेटा पाय ग्राउंडला बांधले की प्रोसेसर जिथून वाचेल तिथे त्याला शून्यच मिळते. तो काही न करता पुढच्या पत्त्यावर जातो, पुन्हा शून्य, पुन्हा पुढे. सोळा अ‍ॅड्रेस लाइन (पत्ता वाहणाऱ्या तारा) एका मोठ्या काउंटरसारख्या मोजत राहतात.

यासाठी चाळीस पायांची दोन सॉकेट एकावर एक बसवून अ‍ॅडॉप्टर केला. खालच्या सॉकेटचे डेटाचे आठ पाय (७, ८, ९, १०, १२, १३, १४, १५) कापले आणि वरच्या बाजूने ग्राउंडला जोडले. रिसेटचा २६ नंबरचा पायही कापला, कारण वॉचडॉगने दर पाव सेकंदाला मोजणी तोडली असती. त्याला १० किलोओहमचा रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक बटण लावले. वेटचा २४ नंबरचा पाय एका किलोओहमने पाच व्होल्टला बांधला, म्हणजे व्हिडिओ सर्किट प्रोसेसरला मधेच थांबवणार नाही. काम तासाभराचे, आणि हा अ‍ॅडॉप्टर आता कायमचा डब्यात आहे.

माझा ऑसिलोस्कोप त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. लॉजिक प्रोब हाताशी होता, पण लाइन हलते एवढेच तो सांगतो, किती वेगाने ते सांगत नाही. मग आकडे मांडून पाहिले. शून्याची आज्ञा चार क्लॉकमध्ये संपते. म्हणजे सर्वांत खालची लाइन, ए-शून्य, आठ क्लॉकमध्ये एक फेरा करते: ३.०७२ मेगाहर्ट्झ भागिले आठ, ३८४ किलोहर्ट्झ. ए-एक त्याच्या निम्मी. ए-दोन त्याच्या निम्मी. असे उतरत गेलो की ए-आठ १५०० हर्ट्झ, ए-नऊ ७५०, ए-दहा ३७५. हे ऐकू येणारे सूर आहेत.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेला एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकर होता. त्याच्या वायरीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडला, टोकाला सुई. रेझिस्टर मोठा ठेवला, म्हणजे लाइनवर भार पडत नाही. सुई आधी झेड-८० च्याच पायांवर ठेवली. ए-सातचा पाय, म्हणजे ३७ नंबर: तीक्ष्ण शिट्टी, ३००० हर्ट्झ. ३८ नंबर: तोच सूर, पण खाली. ३९: आणखी खाली. ४०: आणखी.

मामा आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांच्या भजनी मंडळात पेटी तेच वाजवतात.

“हे काय लावलंस?”

“बोर्डाच्या लाइनी ऐकतोय मामा.”

“परत कर बघू.”

पुन्हा सुई फिरवली. मामांनी पेटी आणली, भाता हलवला, तिसरी काळी पट्टी दाबली. “काळी तीन. थोडी चढी आहे, पण काळी तीनच. आणि तू दर वेळी एक सप्तक खाली येतोस.”

कंपनसंख्या निम्मी झाली की सूर एक सप्तक खाली येतो, हे मला शाळेपासून माहीत होते. पण अ‍ॅड्रेस बस (त्या सोळा लाइनी) पेटीवर जुळवून पाहायची हे कधी सुचले नव्हते. काळी तीनच्या त्या सप्तकातल्या सुराची कंपनसंख्या ७४० हर्ट्झ, आमची ए-नऊ ७५० ला. मामांचे ‘थोडी चढी’ म्हणणे हर्ट्झमध्येही खरे होते. (एक बारकावा: झेड-८० प्रत्येक आज्ञेच्या दुसऱ्या अर्ध्यात रॅम ताजी ठेवण्यासाठीचा पत्ता त्याच लाइनींवर टाकतो. त्यामुळे वरच्या लाइनींचा सूर मधे-मधे कापला जातो. ते कापणे शेकडो किलोहर्ट्झचे असल्याने कानाला कळत नाही, फक्त आवाज जरा हलका येतो. स्कोपवर मात्र चित्र विचित्र दिसते आणि नवखा माणूस त्याला दोष समजतो.)

झेड-८० च्या पायांवर सगळी सप्तके जागेवर होती. पण प्रोसेसरची लाइन थेट ईप्रॉमला जात नाही. मधे ७४एलएस२४४ जातीचे दोन बफर (सिग्नल घेऊन जोर देऊन पुढे पाठवणारे आयसी) आहेत, प्रत्येकी आठ लाइनींचे. म्हणून सुई ईप्रॉमच्या पायांवर नेली. २७१६ मध्ये ए-आठ २३ नंबरवर, ए-नऊ २२ वर, ए-दहा १९ वर.

ए-आठ: सूर. ए-नऊ: काही नाही, नुसता मेन्सचा घुं आवाज. ए-दहा: सूर.

“मधला सूर गेला,” मामा म्हणाले.

बफरवर परत आलो. आत जाणाऱ्या चार नंबरच्या पायावर ७५० हर्ट्झ खणखणीत, बाहेर येणाऱ्या सोळा नंबरवर शांतता. मल्टीमीटरने त्या पायावर १.६ व्होल्ट दाखवले. धड शून्य नाही, धड एक नाही. लॉजिक प्रोबचे दोन्ही दिवे विझलेले. टीटीएलमध्ये हे अधांतरी पायाचे लक्षण. बफरला परवानगी देणारा पाय बंद असेल का? नाही, त्याच परवानगीवर चालणाऱ्या शेजारच्या तीन लाइन वाजत होत्या. म्हणजे आयसीच्या आतलेच एक दार तुटलेले. खात्रीसाठी नवा ७४एलएस२४४ जुन्याच्या पाठीवर पाय जुळवून दाबून धरला. ईप्रॉमच्या २२ नंबरवर काळी तीन आली. ही युक्ती सरसकट चालत नाही. जुना आयसी लाइन ग्राउंडला ओढून धरत असेल तर पाठीवरचा नवा त्याच्याशी भांडतो आणि काहीच कळत नाही. इथे जुना पाय मुका होता, म्हणून चालली.

अधांतरी टीटीएल इनपुट स्वतःला ‘एक’ समजतो. ए-नऊ कायम एक म्हणजे प्रोसेसर पहिल्या पत्त्यावरची आज्ञा मागतो आणि त्याला ५१२ घरे पुढची मिळते. पहिल्याच पावलाला प्रोग्राम भरकटणार आणि पाव सेकंदाने वॉचडॉग त्याला उठवणार. ठेक्यात लुकलुकणाऱ्या त्या कचऱ्याचे कारण हेच.

आयसी काढताना त्याचे पाय अंगालगत कटरने कापले, अंग उचलून टाकले आणि वीसही पाय एकेक करून तापवून चिमट्याने ओढले. भोके सकरने साफ केली. अख्खा आयसी एकदम उपटायला गेलो असतो तर नक्कल बोर्डाच्या पातळ तांब्याच्या चकत्या त्याच्याबरोबर आल्या असत्या. जागी सॉकेट बसवले, त्यात नवा आयसी. अ‍ॅडॉप्टर काढून झेड-८० जागेवर ठेवला आणि वीज दिली.

पडदा झरझर चिन्हांनी भरला, पुसला गेला, पुन्हा भरला. ही पॅक-मॅनची स्वतःची रॅम तपासणी. मग पडद्यावर ओळ आली: रंगांची रॅम खराब. त्या जोडीपैकी वरचे चार बिट सांभाळणारा आयसी त्याने अचूक दाखवला होता. १९८० च्या गेममध्ये ही सोय ठेवणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो. दूर कुठल्यातरी जत्रेत, कंदिलाच्या उजेडात, कोणालातरी हा बोर्ड दुरुस्त करावा लागेल असे जणू त्यांनी धरले होते.

माझ्याकडे नव्या दोन २११४ होत्या. त्या लावायच्या आधी जोडीतल्या दोघींची अदलाबदल केली. आयसी खराब असेल तर तक्रार त्याच्याबरोबर दुसऱ्या जागी सरकेल, जागा खराब असेल तर तिथेच राहील. तक्रार हलली नाही. म्हणजे दोन्ही आयसी निर्दोष, सॉकेट दोषी. भिंगातून पाहिले तेव्हा एका पायाची स्प्रिंग हिरवी पडून मागे वाकलेली दिसली. सॉकेट बदलले, गोल पायांचे चांगले घातले, आणि उरलेल्या पाच रॅमची सॉकेटही त्याच बैठकीत बदलली. त्यांचा जन्मही एकच आणि माळाही एकच.

आता तपासणी पार पडली, गेम सुरू झाला, आवाज आला. मी मामांना फोन केला.

ते आले, बसले आणि म्हणाले, “वाट कुठे आहे?”

खरेच, चक्रव्यूह नव्हता. ठिपके होते, पिवळा पॅक-मॅन होता, भुते होती, पण भिंती नाहीत. नीट पाहिले तर जवळजवळ काळ्या रंगात त्यांची रेघ होती. आणि चार भुतांपैकी दोघे एकाच रंगाचे. पॅक-मॅन खेळलेल्यांना गुलाबी पिंकी आणि नारिंगी क्लाइड ठाऊक असतील. इथे दोघेही पिवळट नारिंगी, आणि आकाशी इंकी हिरवा.

पडद्याला निळा रंग मिळत नव्हता. चक्रव्यूह जवळपास शुद्ध निळा, तो गेला. पिंकी आणि क्लाइड यांच्या रंगांत लाल आणि हिरवा अगदी सारखे आहेत, फरक फक्त निळ्याचा. तो काढला की दोघे जुळे. बोर्डावर निळा रंग ४७० आणि २२० ओहमच्या दोन रेझिस्टरमधून तयार होतो. माझा हात सोल्डरिंग आयर्नकडे गेलाच होता. मग ४.६६ व्होल्ट आठवले.

बोर्डाला न शिवता अ‍ॅडॉप्टरवर, बोर्डाच्या टोकाला, लाल आणि निळ्या वायरींची अदलाबदल केली. बोर्डाचा निळा मेलेला असेल तर आता पडद्यावरचा लाल गायब व्हायला हवा. उलट चक्रव्यूह लालभडक उमटला आणि पॅक-मॅन हिरवा झाला. बोर्ड निळा व्यवस्थित देत होता. त्या वायरीतून पुढे काही जात नव्हते. जॅमाच्या तेरा नंबरच्या संपर्कावर मी केलेले सोल्डर वरून चकचकीत आणि आतून सुटलेले होते. तापवून नवे सोल्डर घातले आणि वायरी पूर्ववत केल्या.

नंतर मोबाइलवर पहिल्या दिवशीचे फोटो काढून पाहिले. त्या सगळ्या कचऱ्यात लाल आहे, हिरवा आहे, पिवळा आहे, निळा कुठेच नाही. माहिती पहिल्या दिवसापासून पडद्यावर होती.

पुढची नोंद थोडक्यात. बोर्ड सलग सहा तास चालवला. मल्टीमीटर किमान-कमाल नोंदवण्यावर ठेवून झेड-८० च्या पायांवर लावला होता. किमान ४.९४, कमाल ४.९७. त्या दरम्यान आमच्या भागात दोनदा दिवे मंद झाले, बोर्डाला कळलेही नाही. ईप्रॉमच्या काचेच्या खिडक्यांवर नवी चिकटपट्टी लावली, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यातला मजकूर हळूहळू पुसला जातो. आठही ईप्रॉमच्या प्रती करून ठेवल्या. जास्तीचे दोन झेड-८० घेऊन ठेवलेत. १९७६ साली आलेल्या या प्रोसेसरच्या चाळीस पायांच्या सुट्या आयसीची शेवटची मागणी कंपनीने २०२४ च्या जूनमध्ये घेतली, आता मिळतील ते साठ्यातलेच.

कपाट नवे करायला वेळ नव्हता. चवथीच्या आदल्या दिवशी मॉनिटर, बोर्ड आणि माझे टेबलावरचे सगळे वायरिंग एका लाकडी खोक्यात बसवून डिचोलीला नेले. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाली होती. संध्याकाळच्या आरत्यांनंतर भुरगी खोक्याभोवती जमली. मामांनी आधी स्वतः खेळून पाहिले. पहिला चक्रव्यूह संपवला, दुसऱ्यात मेले, उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुझी ती सुई आणली आहेस ना? पेटी आत आहे. पोरांना ती काळी तीन ऐकव.”